मेरी पिकफर्ड : दहा डॉलरचा रोज आणि अर्ध्या टक्क्याची वर्गणी



कारखान्याच्या फाटकावर वर्गणीच्या पावत्या फाडण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने अमेरिकन नटीवर व्याख्यान द्यावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मेरी पिकफर्डची कहाणी ही मुळात पगाराची कहाणी आहे, आणि तो विषय माझा आहे.

ही मुलगी १८९२ साली कॅनडातील टोरोंटो शहरी जन्मली. मूळचे नाव ग्लॅडिस स्मिथ. तिला सहावे वर्ष पुरे झाले नाही तोच, १८९८ मध्ये, वडील वारले. आई शार्लट शिवणकाम करी, घरात भाडेकरू ठेवी. एका भाडेकरूच्या ओळखीने मुलांना नाटकात काम मिळाले आणि तीन लेकरांना घेऊन ती माउली नाटक कंपन्यांबरोबर गावोगाव हिंडू लागली. ज्या वयात मुली भातुकली खेळतात, त्या वयात थोरली ग्लॅडिस घर चालवू लागली. १९०७ साली न्यूयॉर्कचा नाट्यनिर्माता डेव्हिड बेलास्को याने तिला घेतले आणि ‘मेरी पिकफर्ड’ हे नाव दिले.

१९०९ मध्ये ती बायोग्राफ कंपनीत, दिग्दर्शक ग्रिफिथकडे गेली. तेथे नटांचा रोज पाच डॉलर. सतरा वर्षांच्या मेरीने दहा मागितले, आणि मिळविले! त्या काळी कंपनी नटांची नावे जाहीर करीत नसे. नाव झाले की भाव वाढतो, हे मालकाला कळते. पण सोनेरी कुरळ्या केसांची ही पोर प्रेक्षकांनी नावावाचूनच ओळखली.

पुढे तिच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. चित्रगृहवाल्याला तिचा चित्रपट हवा असेल, तर कंपनी त्याबरोबर आपले इतर पडेल चित्रपटही त्याच्या गळ्यात मारी. रेशनच्या दुकानात साखरेबरोबर नको असलेला साबण घ्यायला लावावा, तसाच हा प्रकार! म्हणजे आपल्या श्रमावर किती गाडे ओढले जातात, याचा हिशेब तिला लागला. १९१६ साली अॅडॉल्फ झुकोरशी तिने करार केला : आठवड्याला दहा हजार डॉलर, नफ्यात निम्मा वाटा आणि स्वतःची निर्मितिसंस्था. वाटाघाटीला आई बसे. तिच्याइतका चिवट पुढारी आमच्या चळवळीतही विरळाच.

१९१९ च्या आरंभी, बड्या कंपन्या एक होऊन नटांचे पगार आवळणार, अशी कुणकुण लागली. तेव्हा मेरी, चार्ली चॅप्लिन, डग्लस फेअरबँक्स आणि ग्रिफिथ या चौघांनी ‘युनायटेड आर्टिस्ट्‌स’ ही आपल्या मालकीची वितरणसंस्था काढली. राबणारेच मालक झाले.

येथे माझ्यासारख्याला थांबावे लागते. मेरी एकटी भांडून जिंकली, कारण तिचा चेहरा साऱ्या जगाला ठाऊक होता. पण ज्याचा चेहरा गर्दीत दिसतो त्या एक्स्ट्राने, पडद्यामागच्या सुताराने कोणाच्या बळावर भांडावे? १९२७ साली चित्रपट अकादमी स्थापन झाली. कामगारांच्या संघटना दूर ठेवाव्यात, हा तिच्या मुळाशी असलेला एक हेतू होता, आणि छत्तीस संस्थापकांत मेरीही होती. १९३३ साली मंदीत निर्मात्यांनी पगार निम्मे कापले, तेव्हा अकादमी नटांच्या कामी आली नाही. त्याच वर्षी नटांनी आपला स्वतंत्र संघ उभारला. मालकाच्या खुर्चीवरून फाटक दूर दिसते, हेच खरे.

तथापि तिला सोडून देऊ नका. १९२१ साली निराधार चित्रपट कामगारांसाठी जो मदतनिधी निघाला, त्याच्या संस्थापकांत ती होती. देणग्यांवर तो पुरेना. १९३२ साली तिने तोड काढली : आठवड्याला दोनशे डॉलरहून अधिक मिळविणाऱ्याने पगाराचा अर्धा टक्का निधीला कापून द्यावा. या निधीतूनच १९४० च्या दशकात वृद्ध कलावंतांसाठी व कामगारांसाठी निवासस्थान उभे राहिले.

१९२९ च्या ‘कोकेट’ या बोलपटाने तिला ऑस्कर मिळवून दिले. १९३३ नंतर ती पडद्यावर आली नाही. १९५६ साली तिने कंपनीतील हिस्सा विकला आणि १९७९ मध्ये ती वारली. कंपनी हातची गेली, पण निधी आजही चालू आहे. दहा डॉलर तिने एकटीसाठी मागितले होते. अर्धा टक्का मात्र सर्वांसाठी होता. वर्गणी कशाला, असे मला फाटकावर कोणी विचारले, की मी त्याला ही गोष्ट सांगतो.