फ्लँडर्सचा काउंट पहिला बाल्डविन

'लोहबाहू' या उपाधीने ओळखला जाणारा पहिला बाल्डविन (मृत्यू इ. स. ८७९) हा फ्लँडर्सच्या काउंट घराण्याचा मूळ पुरुष होय. पश्चिम फ्रँकांचा राजा चार्ल्स द बॉल्ड याची कन्या ज्यूडिथ ही वेसेक्सच्या दोन राजांची विधवा होती. ८६२ च्या सुमारास तिने बाल्डविनसह पलायन केले. संतप्त राजाने दोघांना धर्मबहिष्कृत करविले. बाल्डविन व्हायकिंगांना जाऊन मिळेल, हा धोका ओळखून पोप पहिला निकोलस याने मध्यस्थी केली. अखेर ८६३ मध्ये ओसेर येथे त्यांचा विवाह झाला आणि राजाने जावयाला फ्लँडर्समध्ये अधिकार दिला. पुत्र दुसरा बाल्डविन याने वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याच्या कन्येशी विवाह केला. विजेत्या विल्यमची राणी मटिल्डा याच वंशातील होय.