तुर्मेकेचा अर्ज आणि ‘नामशेष’ ठरवलेले मुइस्का

दक्षिण अमेरिकेतील प्राचीन संस्कृतींवर लिहिताना आपल्याकडचे लेखकही एक वाक्य हमखास वापरतात : अमुक जमात ‘काळाच्या ओघात नामशेष झाली’. आमचा आक्षेप या ‘काळाच्या ओघात’वर आहे. काळ कोणाच्या जमिनी काढून घेत नाही, कोणाच्या भाषेवर बंदी घालत नाही. ते माणसे करतात, आणि कागदावर सही करून करतात.

कोलंबियाच्या बोयाका प्रांतात, अँडीज पर्वतात, तुन्हा शहराच्या दक्षिणेला तुर्मेके नावाचे छोटे शेतकरी गाव आहे. स्पॅनिश सैन्य १५३७ साली या पठारावर आले तेव्हा येथे मुइस्का लोक मका आणि बटाटा पिकवत होते, सुती वस्त्रे विणत होते. त्यांच्या भाषेत ‘मुइस्का’ शब्दाचा अर्थच माणूस. विजेत्यांनी त्यांना ‘इंडियन’ केले आणि गावेच्या गावे आपल्या सरदारांच्या नावावर लावून दिली. अशा सरदाराला एन्कोमेंदेरो म्हणत. लोकांनी त्याला सोने द्यायचे, कापड द्यायचे, त्याच्याकडे राबायचे. बदल्यात त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा! या व्यवस्थेला वेठबिगारीशिवाय दुसरे नाव आम्हाला सुचत नाही.

तुर्मेकेचा एन्कोमेंदेरो होता हुआन दे तोर्रेस. त्याला गावच्या मुइस्का प्रमुखाच्या बहिणीपासून, कातालिना दे मोयाचोकेपासून, दिएगो नावाचा मुलगा झाला. मुइस्कांमध्ये प्रमुखपद बापाकडून मुलाकडे जात नसे, ते मामाकडून बहिणीच्या मुलाकडे जाई. त्यामुळे मामानंतर दिएगो तुर्मेकेचा प्रमुख झाला. बापाच्या स्पॅनिश पत्नीचा मुलगा पेद्रो एन्कोमेंदेरो झाला. एकाच बापाचे दोन मुलगे. एक गावाकडून वसुली करणारा, दुसरा त्या गावाच्या बाजूने बोलणारा.

पेद्रोने मार्ग काढला तो रक्ताचा. दिएगो मिश्र रक्ताचा आहे, म्हणून तो प्रमुख होऊच शकत नाही, असा दावा त्याने केला. सांताफे येथील न्यायालयाने दिएगोला पदावरून दूर केले. तिबासोसाचा प्रमुख आलोन्सो दे सिल्वा याच्यावरही हाच वार झाला. पुढे १५७६ मध्ये राजाने मिश्र रक्ताच्या माणसाला प्रमुख होण्यास मनाई करणारा कायदाच काढला. येथे नीट पाहावे. मुइस्का नियमाने पाहिले तर बापाचे रक्त मोजायचेच नव्हते. पण बापाचे रक्त वारसा देण्यासाठी चालत नाही आणि हक्क हिरावण्यासाठी चालते! शुद्धाशुद्धतेचा हिशोब जगात कुठेही असाच, ठेवणाऱ्याच्या सोयीने ठेवला जातो.

दिएगो समुद्र ओलांडून स्पेनला गेला. १५८४ साली त्याने राजा दुसरा फिलिप याच्यापुढे मूलनिवासींवरील अन्यायांचे सविस्तर निवेदन ठेवले. सोबत तुन्हा आणि सांताफे या प्रांतांचे नकाशे दिले. ते आजही सेव्हिलच्या दप्तरखान्यात आहेत. गोपाळ बाबा वलंगकर आणि शिवराम जानबा कांबळे यांचे अर्ज वाचलेल्यांना या धडपडीचे मोल वेगळे सांगायला नको. तरी आम्ही दिएगोला क्रांतिकारक म्हणणार नाही. त्याने राजेशाही नाकारली नाही. राजाकडेच न्याय मागितला. शिवाय तो स्वतः जन्माने मिळालेल्या पदासाठी लढत होता. पण त्याच्या निवेदनात गावांची दुःखे आहेत, ती कोणी दुसऱ्याने राजापर्यंत इतक्या तपशिलाने नेली नव्हती. पद त्याला परत मिळाले नाही. १५९० मध्ये तो माद्रिदलाच वारला.

पुढचे काम कायद्यांनी केले. १७७० साली तिसऱ्या कार्लोसने अमेरिकेतील मूलनिवासी भाषा बंद करून स्पॅनिश लादण्याचा हुकूम काढला. स्वातंत्र्यानंतर तरी काही बदलेल असे वाटावे, तर १८२१ मध्ये नव्या प्रजासत्ताकाने समानतेच्या नावाखाली मूलनिवासींच्या सामायिक जमिनी तुकडे करून वाटण्याचा कायदा केला. सामायिक जमीन गेली की गाव ‘इंडियन’ उरत नाही, आणि गाव ‘इंडियन’ नाही म्हणून जमिनीवरचा दावाही उरत नाही. ‘नामशेष’ हा शब्द असा तयार होतो.

तुर्मेकेचे नाव मात्र एका खेळात राहिले. जड चकती दूरवरच्या चिखलाच्या लक्ष्यावर फेकण्याचा ‘तेहो’, ज्याला ‘तुर्मेके’ही म्हणतात, २००० साली कोलंबियाचा राष्ट्रीय खेळ जाहीर झाला.

आणि माणसे? सुबा, बोसा, कोता, चिया, सेस्किले येथे मुइस्कांच्या स्वतःच्या पंचायती आहेत. १९९१ च्या राज्यघटनेने मूलनिवासींचे हक्क मान्य केल्यावर त्यांच्या दाव्याला बळ आले. बेर्नार्दो दे लुगो या पाद्र्याने १६१९ मध्ये त्यांच्या भाषेचे व्याकरण छापले होते. पाद्र्यांना मुइस्कांची पापे त्यांच्याच भाषेत विचारता यावीत, हा त्यामागचा एक हेतू. आज मुइस्का कार्यकर्ते अशाच जुन्या ग्रंथांतून एकेक शब्द वेचून आपल्या मुलांना शिकवत आहेत.