पहिल्या डावाची आघाडी

बाद पद्धतीच्या स्पर्धेचं गणित निष्ठुर असतं. दोन संघ मैदानात उतरतात आणि त्यांतला एक घरी जायलाच हवा. सामना बरोबरीत सुटला तर? इंग्लंडच्या रग्बी लीगने 1954 साली चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात याचं सरळ उत्तर दिलं. वेम्ब्लीवर वॉरिंग्टन आणि हॅलिफॅक्स 4-4 वर अडकले, तेव्हा सामना पुन्हा खेळवला. ब्रॅडफर्डच्या ऑडसल मैदानावर तो फेरसामना पाहायला अधिकृत आकड्यानुसार 1,02,569 माणसं आली आणि वॉरिंग्टनने कप नेला. ऐंशी मिनिटांच्या खेळाला असा उपाय परवडतो. तीन-चार दिवस खेळूनही निकाल न लागणाऱ्या क्रिकेटने काय करावं?

हा प्रश्न आपल्याकडे 1934 साली उभा राहिला. त्या वर्षी क्रिकेट मंडळाच्या सिमल्याच्या बैठकीत अँथनी डिमेलो यांनी राष्ट्रीय स्पर्धेचा प्रस्ताव मांडला आणि आदल्याच वर्षी वारलेल्या रणजितसिंहजींच्या नावाचा सोन्याचा करंडक द्यायची तयारी पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग यांनी दाखवली. रणजी करंडक जन्मला तो निखळ बाद पद्धतीत. नोव्हेंबरात चेपॉकवर झालेला पहिलाच सामना मद्रासने म्हैसूरविरुद्ध एका दिवसात संपवला, पण सगळेच सामने इतके आज्ञाधारक नसतात. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त, तो पुढे, असा नियम ठरला. नियम एका ओळीचा आहे, पण त्याने भारतीय फलंदाजीला जे वळण लावलं, ते पुण्याइतकं ठळक दुसरीकडे कुठे दिसत नाही.

कारण उघड आहे. आघाडीवर पुढे जाता येतं म्हटल्यावर पहिला डाव हाच खरा सामना होतो. त्या डावातली प्रत्येक विकेट दुप्पट मोलाची होते आणि डाव घोषित करण्यात शहाणपण उरत नाही. समोरच्याला दोनदा बाद करण्यापेक्षा स्वतः एकदाही बाद न होणं सोपं वाटू लागतं. पाटा खेळपट्टी आणि चिवट फलंदाज ज्याच्याकडे, त्याच्यासाठी हा नियम वरदान होता. ही दोन्ही पुण्याकडे होती.

शिवाय प्रा. दिनकर बळवंत देवधर होते. स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा हा माणूस पुण्यात खेळणाऱ्या महाराष्ट्र संघाचं नेतृत्व करत होता आणि वयाने पन्नाशीला टेकला होता. 1939-40 च्या हंगामात बडोद्याविरुद्ध पुण्यात महाराष्ट्राच्या विजय हजारेंनी नाबाद 316 धावा केल्या. रणजी करंडकातलं ते पहिलं त्रिशतक. त्या डावात नागरवाला यांच्यासह त्यांनी नवव्या विकेटसाठी 245 धावांची भागीदारी केली. नवव्या विकेटलाही हार न मानण्याची ही सवयच त्या संघाचं खरं भांडवल होतं. त्या वर्षी पुण्यात संयुक्त प्रांताला दहा गडी राखून हरवून महाराष्ट्राने करंडक जिंकला.

पुढच्या हंगामात या नियमाची खरी चव कळली. मुंबईने पुण्यात 650 धावा केल्या. एरवी अशा डोंगरासमोर संघ सामना वाचवायचा विचार करतो, पण इथे वाचवून उपयोग नव्हता. 650 ओलांडले नाहीत तर हंगाम संपला. देवधरांनी 246 केले, महाराष्ट्र 675 वर पोहोचला आणि मुंबई स्पर्धेबाहेर गेली. पंचवीस धावांचं अंतर आणि दोन्ही डाव मिळून तेराशेच्या वर धावा! पुढे नॉर्दर्न इंडियाविरुद्ध महाराष्ट्राने 798 केल्या आणि मद्रासमध्ये अंतिम सामना जिंकून करंडक राखला. तेव्हा देवधर 49 वर्षांचे होते. त्यानंतर महाराष्ट्राला तो करंडक पुन्हा मिळालेला नाही. अशा खेळाला कंटाळवाणा म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला ते पटत नाही. 650 च्या मागे धावणाऱ्या संघाला एकेक विकेट किती जपावी लागते, याचा विचार केला तरी त्यातला थरार कळतो.

नियमाची दुखरी बाजूही पुण्यानेच दाखवली. डिसेंबर 1948 मध्ये पूना क्लबच्या मैदानावर काठियावाड 238 वर बाद झाला. महाराष्ट्राने ही धावसंख्या कधीच मागे टाकली होती, तरी डाव चालू राहिला: कमल भांडारकर 205, भाऊसाहेब निंबाळकर नाबाद 443, दोघांची भागीदारी 455, धावफलक 4 बाद 826. ब्रॅडमनचा नाबाद 452 चा विश्वविक्रम नऊ धावांवर होता. तेव्हा काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, पुढे खेळायला तयार झाले नाहीत आणि त्यांनी सामना सोडला. आघाडी मिळाल्यावर सामन्यात जिंकण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. उरला होता तो एका माणसाचा विक्रम, आणि तो हुकला. निंबाळकरांना भारताकडून एकही कसोटी खेळायला मिळाली नाही, हे वाचताना आजही मन विषण्ण होतं.

त्याच हंगामात उलट टोकाचा उपायही पुण्याने पाहिला. मार्च 1949 मधला मुंबईविरुद्धचा उपांत्य सामना निकाल लागेपर्यंत खेळवला गेला. सात दिवस चालला. मुंबई 651, महाराष्ट्र 407. मग मुंबई पुन्हा 8 बाद 714 आणि महाराष्ट्र 604. उदय मर्चंट, दत्तू फडकर आणि महाराष्ट्राचे रेगे या तिघांनी दोन्ही डावांत शतकं ठोकली. सामन्यात एकूण नऊ शतकं आणि 2,376 धावा झाल्या, जो प्रथम श्रेणी क्रिकेटमधला विक्रम ठरला. मुंबई 354 धावांनी जिंकली. चौथ्या डावात 604 करूनही हरलेल्या त्या महाराष्ट्र संघाबद्दल मला फार आदर वाटतो.

1957-58 पासून विभागीय सामने साखळी पद्धतीने होऊ लागले आणि आघाडीचं रूपांतर गुणांत झालं. बाद फेरीत मात्र जुना नियम अजून जिवंत आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर जम्मू-काश्मीर आणि केरळ यांचा उपांत्यपूर्व सामना झाला. जम्मू-काश्मीरच्या 280 समोर केरळचे 200 वर नऊ गडी बाद होते. सलमान निझारने शेवटच्या बेसिल थंपीला सोबत घेऊन 81 धावा जोडल्या, स्वतः नाबाद 112 केल्या आणि डाव 281 वर थांबला. एका धावेची आघाडी! मग 399 चं लक्ष्य मिळाल्यावर केरळने जिंकायची घाई केली नाही. 6 बाद 295 वर सामना अनिर्णित ठेवून ते पुढे गेले. 1940 च्या त्या महाराष्ट्र संघाला हा हिशोब लगेच पटला असता.

अहमदाबादच्या उपांत्य सामन्यात गुजरातचा शेवटचा फटका शॉर्ट लेगला उभ्या सलमानच्या हेल्मेटवर आदळून स्लिपमध्ये झेलला गेला आणि केरळला दोन धावांची आघाडी मिळाली. नागपूरच्या अंतिम सामन्यात विदर्भ 379, केरळ 342. सामना अनिर्णित राहिला आणि 37 धावांच्या आघाडीवर करंडक विदर्भाकडे गेला.