जुन्या नावाचा रकाना

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा मुलगा घरी आला. इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बघतो तर स्कूटरच्या हँडलला मोबाइल बांधलेला आणि त्याचा कॅमेरा रस्त्याकडे.

"हे काय रे?" मी विचारले.

"आजोबा, रस्त्याचे फोटो काढून राहिलो. नकाशासाठी."

"पैसे किती देतात?"

"काहीच नाही."

"मग कशाला करतोस?"

"कशाला म्हणजे? नकाशा आपलाच आहे ना!"

मंडळी, हे वाक्य माझ्या डोक्यातून काही जाईना. मी आयुष्यभर इतिहास-भूगोल शिकवला. नकाशा म्हणजे कापडावर चिकटवलेली, गुंडाळी करून कपाटावर ठेवलेली सरकारी वस्तू. तास आला की खिळ्याला टांगायची, तास संपला की पुन्हा गुंडाळायची. तो "आपला" आहे असे मला कधी वाटले नाही, आणि मुलांनाही मी तसे कधी सांगितले नाही.

नागपूरकराला नकाशाचा अभिमान मात्र फार. आपला झिरो माइल आहे ना! चार घोडे आणि वालुकाश्माचा खांब. पाहुणा आला की आपण त्याला "हा देशाचा मध्य" म्हणून तिथे नेतो. खरे तर १९०७ साली उभारलेले हे ठिकाण त्रिकोणमितीय सर्वेक्षणाशी जोडलेले आहे आणि तिथला दगड उंची मोजण्याची खूण आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे १०२० फूट. खांबावर हैदराबाद ३१८ मैल, जबलपूर १७० मैल अशी अंतरे कोरली आहेत. देशाचा भौमितिक मध्य नेमका कुठे, हा वेगळा वाद आहे. त्यात आज शिरत नाही.

त्या सर्वेक्षणाची सुरुवात विल्यम लँबटनने १८०२ साली मद्रासजवळ केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवत तो वीस वर्षे उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला तो वारला. त्याची कबर तिथेच आहे. आमच्या घरापासून दोन तासांच्या वाटेवर, आणि आम्ही एकदाही मुलांची सहल तिथे नेली नाही!

लँबटनचे काम थोर होते, यात शंका नाही. पण त्याला पृथ्वीची वक्रता मोजायची होती आणि कंपनीला मुलूख मोजायचा होता. गल्लीत कोण राहते, आडाला लोक काय म्हणतात, हे त्या त्रिकोणांत येण्याचे कारण नव्हते. पुढे नावे लिहिली गेली तीही लिहिणाऱ्याच्या कानाला ऐकू आली तशी. आपण "बर्डी" म्हणतो, इंग्रजीत अजून "बुल्डी" चालले आहे.

असो. तर या पोराच्या नकाशाकडे येऊ.

ओपनस्ट्रीटमॅप हे त्याचे नाव. २००४ साली स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने इंग्लंडमध्ये तो सुरू केला. तिथल्या सरकारी नकाशांवर मालकी हक्काची बंधने होती, म्हणून "आपणच फिरू आणि आपणच काढू" अशी ही कल्पना. कुणीही भर घालावी, कुणीही वापरावा, फक्त श्रेय द्यावे आणि त्यात सुधारणा करून तो पुढे दिला तर त्याच अटींवर द्यावा. २०१० साली हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या लोकांनी घरी बसून उपग्रहचित्रांवरून तिथले रस्ते आखले आणि मदतपथकांनी तो नकाशा वापरला. २०१५ च्या नेपाळच्या भूकंपातही तसेच झाले.

आपल्याकडेही हौशी लोक कमी नव्हते. २००८ साली गुगलने मॅप मेकर काढला, त्यामागे आपलेच भारतीय अभियंते होते. हजारो लोकांनी आपापल्या गावचे रस्ते, शाळा, दवाखाने त्यात फुकट भरले. २०१३ साली तर त्याची स्पर्धाच झाली आणि भारतीय सर्वेक्षण विभागाने पोलिसांकडे तक्रार केली. २०१७ साली मॅप मेकर बंद झाला. लोकांनी भरलेले ज्ञान गेले कुठे? कंपनीच्या नकाशात. तो पाहायला मिळतो, पण उचलून दुसरीकडे नेता येत नाही. श्रमदानाने विहीर खणली आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर निघाला, तशातला प्रकार.

रस्त्यावरच्या छायाचित्रांचेही तेच. गुगलचे स्ट्रीट व्ह्यू २०११ साली बंगळुरूत पोलिसांनी थांबवले. जुलै २०२२ मध्ये ते भारतीय कंपन्यांमार्फत दहा शहरांत पुन्हा आले. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि तेव्हाचे अहमदनगर होते, नागपूर नव्हते. (झिरो माइलवाले आपण!) मॅपिलरी नावाची सेवा २०१३ साली स्वीडनमध्ये निघाली. लोकांनी मोबाइलने काढलेले फोटो ती गोळा करते, चेहरे आणि गाड्यांचे नंबर आपोआप पुसट करते आणि ओपनस्ट्रीटमॅपवाल्यांना त्यावरून नकाशा काढू देते. २०२० साली तीही फेसबुकने विकत घेतली. फोटो अजून सर्वांसाठी खुले आहेत, पण चावी कुणाकडे, हे लक्षात ठेवलेले बरे.

कायद्याची भीती मीही पोराला घातली. तो माझ्यापेक्षा हुशार निघाला. १५ फेब्रुवारी २०२१ ला केंद्र सरकारने नियम सैल केले, त्यानुसार भारतीय नागरिकाला ठरावीक अचूकतेपर्यंत पूर्वपरवानगीशिवाय नकाशाकाम करता येते, असे त्याने मला सांगितले. लष्करी जागा अर्थातच टाळायच्या. बर्डीच्या किल्ल्याकडे तो कॅमेरा वळवीत नाही.

मग मीही त्याच्याबरोबर फिरू लागलो. स्कूटरवर मागे बसून नव्हे, पायी. त्याने नकाशाचा कागद छापून दिला आणि मी त्यावर पेन्सिलीने नावे लिहीत गेलो. एका जागेला किती नावे असावीत? जुम्मा तलाव, शुक्रवारी तलाव, गांधीसागर, तिन्ही एकच. जुम्मा दरवाजा म्हणजेच गांधी गेट. मला वाटले, आता यातले कोणते ठेवायचे यावरून वाद होणार. पण या नकाशात नावासाठी अनेक रकाने असतात. चालू नाव, मराठीतले नाव, दुसरे नाव, जुने नाव. इतिहासाच्या मास्तराला याहून काय हवे? बख्त बुलंद शहाच्या बारा वाड्यांपर्यंत सगळे भरून टाकू, असा उत्साह मला चढला.

तो उत्साह एका वस्तीत उतरला. वस्तीचे नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे कळेलच. पोराने मोबाइल वर धरला आणि नळावरची एक बाई एकदम ओरडली, "फोटो कायले काढून राहिला रे? घरं पाडाले येऊन राहिले का?"

आम्ही समजावले. तिचे फारसे समाधान झाले नाही, आणि त्यात तिची चूक नव्हती. तिच्या अनुभवात मोजायला आलेला माणूस नंतर नोटीस घेऊनच आलेला आहे. पोराने मोबाइल खिशात ठेवला. मग दोन-चार जण जमले, चहा झाला आणि नावांचा विषय निघाला. वस्तीचे आजचे नाव पाटीवर होतेच. मी वही काढून म्हटले, "आणि जुने नाव..." आणि ते उच्चारले. ते जातीवरून पडलेले नाव होते.

सगळे गप्प झाले. माझ्याच वयाचा एक गृहस्थ शांतपणे म्हणाला, "सर, ते नाव आम्ही नव्हतं ठेवलं. दुसऱ्यांनी देल्लं होतं. ते काढाले आमची जिंदगी गेली, अन् तुम्ही ते नकाशात टाकून राहिले?"

मला उत्तर सुचेना. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने जातिवाचक वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, तेव्हा मी घरात टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्या क्षणी मला आठवला शाळेतला दाखल-खारीज रजिस्टर. त्यातल्या पत्त्याच्या रकान्यात हेच नाव मी स्वतः, माझ्या वळणदार अक्षरात, वर्षानुवर्षे लिहिले होते. कुठल्याही मुलाला कधी विचारले नाही, की तू तुझ्या वस्तीला काय म्हणतोस?

घरी येऊन बराच विचार केला. इतिहासाचा मास्तर म्हणत होता की जुने नाव पुसले तर जुनी कागदपत्रे उद्या कुणाला लागायची नाहीत, आणि अन्याय झाला होता याचा पुरावाही जाईल. हे खोटे नाही. पण पुरावा दफ्तरात आहे, रजिस्टरात आहे. ज्याला अभ्यास करायचा तो तिथे जाईल. नकाशा मात्र रोजच्या वापराची वस्तू. त्या नावाने शोधले की बोट थेट त्यांच्या दारावर जाणार. तिथे काय लिहावे हे त्या दारातल्या माणसाने ठरवावे.

दुसऱ्या दिवशी पोराने वस्तीचे आजचे नाव भरले, नळ भरला, बालवाडी भरली, वस्तीच्या आत जाणारी आणि मोठ्या नकाशात नसलेली अरुंद बोळ भरली. जुन्या नावाचा रकाना आम्ही रिकामा ठेवला. बोळीचे फोटो टाकले नाहीत.

हा नकाशा सर्वांना खुला आहे, त्यामुळे उद्या दुसरा कुणी येऊन तो रकाना भरू शकतो, हे मला ठाऊक आहे. पण कुणी, केव्हा, काय बदलले याची नोंद त्यात राहते आणि तिथे वाद घालता येतो. लँबटनच्या त्रिकोणाशी कुणाला वाद घालता आला नव्हता, आणि माझ्या रजिस्टराशीही नाही.

आता पोराने मला खाते उघडून दिले आहे. पुढच्या रविवारी त्या गृहस्थांनी चहाला बोलावले आहे. बोळीतल्या आडाचे नाव त्यांना सांगायचे आहे म्हणे.