लेखणी धरणारे यंत्र : पेन-प्लॉटर आणि संगणकीय रेखाटनाचा इतिहास

संगणकाच्या साहाय्याने घडलेल्या चित्रकलेचा इतिहास बहुधा प्रोग्रॅमचा, म्हणजे यंत्राला दिलेल्या सूचनांच्या क्रमाचा, इतिहास म्हणून सांगितला जातो. गणिती नियम, यादृच्छिक संख्या आणि त्यांमागचे सौंदर्यशास्त्र यांची त्यात सविस्तर चर्चा होते, मात्र ज्या यंत्राने ती चित्रे प्रत्यक्ष कागदावर उतरवली त्याच्या वाट्याला एखादी तळटीप येते. संगणकाकडून आलेल्या आकड्यांनुसार शाईचे खरे पेन कागदावर फिरवून रेषा ओढणारे हे यंत्र म्हणजे पेन-प्लॉटर. आजचे छपाईयंत्र चित्राचे असंख्य ठिपके करून ते ओळीओळीने उमटवते. प्लॉटरला ठिपक्यांची ही भाषा येत नाही, त्याला एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जाणे आणि जाताना पेन टेकवणे किंवा उचलणे एवढेच येते. १९६० ते १९९० या काळातील संगणकीय चित्रे इतकी रेषाप्रधान का आहेत, त्यांत भरीव रंगाऐवजी आवर्तने आणि सूक्ष्म बिघाड का दिसतात, याचे उत्तर जितके गणितात आहे तितकेच प्लॉटरच्या या मर्यादेत आहे, आणि म्हणूनच त्याचा इतिहास स्वतंत्रपणे पाहणे आवश्यक ठरते.

प्लॉटर कलेसाठी जन्माला आला नाही. कॅलिफोर्निया कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स, म्हणजेच कॅलकॉम्प, या अमेरिकी कंपनीने १९५९ मध्ये बाजारात आणलेला ५६५ क्रमांकाचा प्लॉटर हा संगणकासोबत विकल्या गेलेल्या सुरुवातीच्या रेखाटनयंत्रांपैकी एक होता. त्यात कागदाची गुंडाळी एका आडव्या दंडगोलावरून जात असे. दंडगोल पुढे-मागे फिरला की कागद सरके, आणि त्यावरच्या दांड्यावरून पेन डावी-उजवीकडे सरके. या दोन्ही हालचाली इंचाच्या शंभराव्या भागाएवढ्या पावलांनी होत, त्यामुळे पेनाला सरळ किंवा नेमके तिरके असे आठच दिशांना जाता येई आणि इतर कोणतीही तिरकी रेषा ही वस्तुतः अतिसूक्ष्म पायऱ्यांची माळ असे. सेकंदाला सुमारे ३०० पावले हा त्याचा वेग होता. अभियांत्रिकी आराखडे, आलेख आणि हवामानाचे नकाशे काढणे ही त्याची कामे होती, आणि मोठ्या नकाशांसाठी याच घराण्यातील ५६३ हा सुमारे ३० इंच रुंदीच्या कागदाचा प्लॉटर उपलब्ध होता. रुंदीपेक्षाही महत्त्वाचे म्हणजे गुंडाळीमुळे चित्राच्या लांबीला जवळजवळ मर्यादाच उरली नाही.

जर्मनीत हेच काम वेगळ्या घडणीच्या यंत्राने केले. १९४१ मध्ये झेड-३ हा प्रोग्रॅमवर चालणारा संगणक उभा करणारे अभियंता कोनराड त्सूझे यांच्या कंपनीचे प्रमुख ग्राहक युद्धोत्तर काळात भूमापन कार्यालये होती; विखुरलेल्या शेतजमिनींचे एकत्रीकरण करताना लागणारी प्रचंड आकडेमोड त्यांचे संगणक करीत असत. त्या आकड्यांचा शेवट नकाशातच व्हायचा असल्याने नकाशा काढणारे यंत्र हे स्वाभाविक पुढचे पाऊल होते, आणि १९६१ मध्ये ‘ग्राफोमाट झेड-६४’ तयार झाला. यात कागद सपाट टेबलावर स्थिर राही आणि पेनच दोन्ही दिशांना फिरे. संगणकाशी त्याचा थेट संबंध नसे. संगणक छिद्रे पाडलेली कागदी फीत तयार करी आणि ती फीत ग्राफोमाटला वाचायला देत. चित्र घडण्याची क्रिया अशा रीतीने दोन ठिकाणी विभागली गेली होती, आणि चित्र कसे निघेल हे पेन थांबेपर्यंत कोणालाही दिसत नसे.

श्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठाच्या संगणक केंद्रात ग्राफोमाट आला तेव्हा तो चालवण्यासाठी लागणारे प्रोग्रॅम त्याच्यासोबत आले नव्हते, आणि ते लिहिण्याचे काम फ्रीडर नाके या तरुण गणितज्ञाकडे आले. त्यांनी केंद्रातील ईआर-५६ या संगणकाच्या यंत्रभाषेत ते लिहिले. लिहिलेले प्रोग्रॅम तपासायचे तर काहीतरी रेखाटून पाहावे लागणार, आणि जे रेखाटायचे ते पूर्वनियोजित नसेल तर यंत्राच्या सर्व क्षमता कसाला लागतील, अशा विचारातून यादृच्छिक संख्यांवर आधारलेली त्यांची पहिली चित्रे निघाली. कलेच्या इतिहासात हेतूपेक्षा साधन आधी येण्याची उदाहरणे आहेत, परंतु यंत्राच्या चाचणीतून एक अख्खी कलाशाखा उगवल्याचे इतके स्पष्ट उदाहरण विरळाच.

त्याच सुमारास एर्लांगेन येथे सीमेन्स कंपनीत काम करणारे गेओर्ग नेस हेही ग्राफोमाटवर आल्गोल या भाषेतून रेखाटने करीत होते. श्टुटगार्टमधील तत्त्वज्ञ माक्स बेन्झे, जे सौंदर्य हे मोजता येणाऱ्या माहितीच्या रूपात मांडता येईल असे मानत, त्यांनी फेब्रुवारी १९६५ मध्ये नेस यांच्या रेखाटनांचे प्रदर्शन आपल्या विद्यापीठातील दालनात भरवले. संगणकाने काढलेल्या चित्रांचे हे जगातील पहिले सार्वजनिक प्रदर्शन मानले जाते. उपस्थित चित्रकार अस्वस्थ झाले आणि वातावरण शांत करण्यासाठी बेन्झे यांना ही ‘कृत्रिम कला’ आहे असे सांगावे लागले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या हॉवर्ड वाइझ गॅलरीत बेल प्रयोगशाळेतील मायकेल नोल आणि बेला युलेझ यांची चित्रे लागली, पण नोल यांचे यंत्र पेन चालवीत नसून सूक्ष्मफितीवर प्रकाशाने रेषा उमटवीत असे. नोव्हेंबरमध्ये श्टुटगार्टच्याच वेंडेलीन नीडलिख यांच्या दालनात नाके आणि नेस यांचे एकत्र प्रदर्शन झाले. वर्ष तेच, पण अमेरिकेत छायाचित्र आणि जर्मनीत शाईची रेषा, असा हा फरक आहे, आणि पुढच्या तीन दशकांत कलाकारांनी निवड केली ती मुख्यतः शाईच्या रेषेची.

नेस यांचे १९६८ च्या सुमाराचे ‘शॉटर’, म्हणजे खडी, हे रेखाटन या काळाचे सर्वांत परिचित चित्र आहे. १२ स्तंभ आणि २२ ओळींत मांडलेले समान चौकोन वरच्या भागात शिस्तीत उभे आहेत; ओळीमागून ओळ खाली येताना प्रत्येक चौकोन किती वळेल आणि जागेवरून किती सरकेल याची मुभा थोडी थोडी वाढत जाते, आणि तळाशी चौकोन एकमेकांवर कोसळल्यासारखे विखुरतात. ते प्लॉटरसाठीच कल्पिलेले चित्र आहे, कारण त्यात एकही भरीव आकार नाही, सगळा परिणाम एकाच जाडीच्या रेषेने साधलेला आहे, आणि चौकोन एकमेकांवर चढतात तिथे रेषा रेषेला छेदून आरपार जाते. ब्रशने काढलेल्या चित्रात पुढच्या आकाराने मागचा आकार झाकला असता. प्लॉटरच्या पेनाला काहीच झाकता येत नसल्याने गोंधळ पारदर्शक राहतो आणि त्यामागचा नियम डोळ्यांना उलगडता येतो.

१९६८ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये याशिया रायखार्ट यांनी उभारलेल्या ‘सायबरनेटिक सेरेंडिपिटी’ या प्रदर्शनाने हा प्रकार व्यापक प्रेक्षकांपुढे नेला. तरीही यंत्र कलाकाराच्या घरी येण्यास बराच अवकाश होता, आणि उसन्या यंत्राचा हा काळच अनेक दृष्टींनी अधिक फलदायी ठरला. बुडापेस्टमध्ये १९२४ साली जन्मलेल्या आणि १९४७ पासून पॅरिसमध्ये राहिलेल्या व्हेरा मोलनार या १९५९ पासून ‘काल्पनिक यंत्र’ नावाची पद्धत वापरीत होत्या, म्हणजे स्वतःसाठी नियमांची यादी करून जणू आपणच यंत्र आहोत अशा काटेकोरपणे हाताने रेखाटत होत्या. १९६८ मध्ये त्यांना पॅरिसच्या विद्यापीठीय संगणक केंद्रात प्रवेश मिळाला तेव्हा विचाराची सवय आधीच तयार होती. फोर्ट्रान भाषेत लिहिलेल्या सूचना छिद्रपत्रांवर उतरवायच्या, आणि प्लॉटरवर चित्र निघाले की मगच आपण काय मागितले होते ते कळायचे. ‘माझ्या आईची पत्रे’ ही त्यांची १९८० च्या दशकातील मालिका प्लॉटरच्या इतिहासात विशेष मोलाची आहे. आई नियमाने पाठवत असलेल्या पत्रांतील अक्षर वयासोबत अधिकाधिक अस्वस्थ होत गेले होते, आणि ती अस्वस्थता नियमांत बांधून मोलनार यांनी यंत्राच्या पेनाकडून वाचता न येणाऱ्या ओळी लिहून घेतल्या. यंत्राच्या रेषेत माणसाचा हात उतरू शकत नाही या आक्षेपाला याहून सखोल उत्तर त्या पिढीतील दुसऱ्या कोणी दिल्याचे दिसत नाही.

पॅरिसमध्येच जाझ संगीतकार आणि चित्रकार मानफ्रेड मोर यांनी १९६९ मध्ये प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली, आणि फ्रान्सच्या हवामान संस्थेतील बेन्सन कंपनीचा मोठा प्लॉटर त्यांना वापरायला मिळाला; दिवसा हवेच्या दाबाच्या रेषा काढणारे पेन त्यांच्यासाठी घनाकृतीच्या कडा काढू लागले. मे १९७१ मध्ये पॅरिस शहराच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्याच वर्षी नाके यांनी मात्र संगणककला असू नये असे परखड टिपण प्रसिद्ध केले, कारण कलाबाजार या चित्रांना नवी विक्रीयोग्य वस्तू मानू लागला आहे असे त्यांना दिसत होते. कॅलिफोर्नियात हॅरल्ड कोहेन यांनी तिसरीच वाट घेतली. त्यांच्या ‘आरन’ या प्रोग्रॅमसाठी त्यांनी पेन बसवलेली चाकांची छोटी गाडी तयार केली, जी १९७९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयात जमिनीवर पसरलेल्या मोठ्या कागदावर फिरून रेखाटने करीत असे. यंत्राच्या चौकटीतून पेन बाहेर काढल्यास चित्राच्या आकाराला मर्यादा राहत नाही, हा विचार त्यात होता. पण प्रेक्षक चित्राऐवजी गाडीकडेच पाहतात हे लक्षात आल्यावर कोहेन यांनी ती सोडून दिली.

१९८० च्या दशकात यंत्र स्वस्त झाले आणि त्याची घडणही बदलली. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीच्या १९८१ मधील ७५८० या प्लॉटरमध्ये दंडगोल नव्हता आणि टेबलही नव्हते. कागदाच्या दोन कडा खरखरीत पृष्ठभागाच्या लहान चाकांमध्ये धरल्या जात. पहिल्याच फेरीत चाकांचे कण कागदावर बारीक खळगे पाडत आणि पुढच्या प्रत्येक फेरीत तेच कण त्याच खळग्यांत बसत, त्यामुळे कागद कितीही वेळा मागे-पुढे गेला तरी रेषा जागा चुकत नसे. जड दंडगोलाऐवजी केवळ कागदच हलवायचा असल्याने वेग सेकंदाला ६० सेंटिमीटरपर्यंत गेला. पुढे ७५८५ या प्लॉटरवर ८४१ गुणिले ११८९ मिलिमीटरचा, म्हणजे ए-शून्य आकाराचा, कागद चालू लागला, आणि फिरत्या चकतीत लावलेल्या आठ पेनांतून यंत्र आपणहून पेन बदलू लागले. या कंपनीची सूचनाभाषा अत्यंत साधी होती: पेन उचलण्यासाठी दोन अक्षरे, टेकवण्यासाठी दोन, पेन निवडण्यासाठी दोन, आणि अंतराचे एकक मिलिमीटरचा चाळिसावा भाग.

या टप्प्यावर कलाकाराचे लक्ष गणिताइतकेच शाईकडे वळले, आणि प्लॉटरच्या कारागिरीचा खरा विकास इथे झाला. महाराष्ट्रातील ज्या वास्तुविशारदांनी आणि आरेखकांनी रोट्रिंगची नळीटोकाची पेने वापरली आहेत त्यांना ही शाई किती लहरी असते हे सांगायला नको. तशाच पेनांच्या प्लॉटरसाठीच्या आवृत्त्या निघाल्या होत्या आणि त्यांचे दोषही तेच होते. पेन टेकते त्या जागी शाई क्षणभर साचून ठिपका उमटतो, पेन थांबून राहिले तर टोक वाळते, एकाच जागेवरून रेषा पुन्हा पुन्हा गेल्यास ओला कागद फाटतो, आणि तासन्‌तास चालणाऱ्या चित्रात हवेतील दमटपणाने कागद ताणला जाऊन पहिली व शेवटची रेषा जुळत नाही. म्हणून रेषा कोणत्या क्रमाने ओढायच्या, दोन रेषांत किती वेळ जाऊ द्यायचा, छटा हवी तिथे समांतर रेषा किती दाट घ्यायच्या, हे सर्व प्रोग्रॅममध्येच लिहावे लागे. छपाईत ज्या क्रमाला काहीच अर्थ नसतो तो क्रम इथे चित्राचा भाग होतो.

मिनियापोलिसचे रोमन व्हेरोस्टको, जे तरुणपणी बेनेडिक्टाइन पंथाचे संन्यासी होते, त्यांनी हे ज्ञान सर्वांत पुढे नेले. १९८५ मध्ये चीनमधील हांगझो येथे अध्यापनासाठी गेल्यानंतर, १९८७ च्या सुमारास, त्यांनी प्लॉटरच्या पेनाच्या जागी चिनी ब्रश बसवून त्याचा फटकारा नियंत्रित करणाऱ्या सूचना आपल्या ‘होडोस’ या प्रोग्रॅममध्ये लिहिल्या. ब्रशचा दाब बदलू शकतो हे पेनाला नसलेले सामर्थ्य अशा रीतीने यंत्रात आले, आणि हजारो बारीक रेषांच्या जाळीशेजारी एकच ओला फटकारा अशी त्यांची रचना बनली. काही चित्रांवर त्यांनी मध्ययुगीन पोथ्यांप्रमाणे सोन्याचा वर्ख हाताने लावला. १९९५ मध्ये झां-पिएर एबेर यांच्या पुढाकाराने स्वतःची चित्रणपद्धती स्वतः लिहिणाऱ्या कलाकारांनी ‘अल्गोरिस्ट’ हे नाव घेतले तेव्हा व्हेरोस्टको त्यांच्यासोबत होते.

तोपर्यंत उद्योगाने या यंत्राकडे पाठ फिरवली होती. ह्यूलेट-पॅकार्डनेच १९९१ मध्ये डिझाइनजेट हे शाई फवारणारे मोठ्या आकाराचे छपाईयंत्र आणले. पेन-प्लॉटरला लागणारा वेळ रेषांच्या संख्येनुसार वाढे, तर फवारणीला चित्र विरळ असो वा दाट, जवळपास सारखाच वेळ लागे, आणि नकाशे काढणाऱ्या कार्यालयांसाठी एवढे कारण पुरेसे होते. पुण्या-मुंबईत आराखड्यांच्या प्रती काढून देणारी दुकाने आज ज्याला प्लॉटर म्हणतात ते याच वंशातील यंत्र आहे. टाकून दिलेले पेन-प्लॉटर काही कलाकारांनी दुरुस्त करून चालू ठेवले, परंतु रेखाटनयंत्राचा पुढचा प्रवास नव्या हातांनी घडला: २००२ मध्ये युर्ग लेनी आणि उली फ्रांके यांनी दोन मोटरींना पट्ट्यांनी टांगलेला रंगफवाऱ्याचा डबा भिंतीवर फिरवणारे ‘हेक्टर’ बनवले, आणि २०१६ च्या सुमारास टेबलावर ठेवता येणारे, कोणतेही पेन धरणारे ॲक्सिड्रॉ हे यंत्र आल्यावर नवी पिढी या कामाकडे वळली.

आता मोठा प्रश्न जपणुकीचा आहे. ब्रेमेनची कलादालन संस्था आणि लंडनचे व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालय यांच्याकडे या काळातील रेखाटनांचे महत्त्वाचे संग्रह आहेत. काजळीपासून केलेली काळी शाई टिकते, पण तंतुटोकाच्या पेनांतील रंग प्रकाशात उडतात, आणि ज्या संगणकांनी फिती छिद्रल्या ते केव्हाच मोडीत निघाले आहेत. प्रोग्रॅम उपलब्ध असला तरी त्यावरून आज नवी शाई घालून काढलेले चित्र मूळ चित्र ठरत नाही, कारण त्यात त्या कागदाचा ताण आणि त्या पेनाचा साचलेला ठिपका नसतो. म्हणून प्लॉटरचा प्रत्येक कागद हा मुद्राचित्राच्या प्रतीपेक्षा हस्तलिखिताच्या अधिक जवळचा मानून जपला जायला हवा. नेस यांचे चौकोन मात्र या भेदाबाहेर स्वतंत्रपणे वाढत राहिले आहेत: प्लॉटर नव्याने हाताळणारे अनेक जण ‘शॉटर’चा नियम स्वतःच्या भाषेत पुन्हा लिहितात, पेनाची जाडी, कागद आणि बिघाडाचे प्रमाण आपल्या मनाने ठरवतात, आणि पहिला अभ्यास म्हणून ते २६४ चौकोन आपल्या यंत्राकडून काढून घेतात.