सरस्वती महासमूह

सरस्वती महासमूह : मीन राशीच्या दिशेस सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे अंतरावरील, दीर्घिकांच्या अनेक समूहांनी बनलेली अतिविशाल विश्वरचना (→ दीर्घिका, दीर्घिका समूह).

पुण्यातील आयुका (→ आयुका) व आयसर या संस्थांच्या पुढाकाराने जयदीप बागची, शिशिर सांख्यायन व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये हा शोध जाहीर केला. स्लोन आकाश सर्वेक्षणातील ‘पट्टा ८२’ या खगोलीय विषुववृत्तालगतच्या भागातील दीर्घिकांची ताम्रसृती (→ ताम्रसृती) वापरून त्यांनी दीर्घिकांची त्रिमितीय मांडणी केली. हे आवश्यक होते, कारण आकाशात जवळजवळ दिसणाऱ्या दीर्घिका प्रत्यक्षात किती दूर आहेत, हे केवळ छायाचित्रांवरून कळत नाही. महासमूहाला नाव सरस्वती नदीवरून दिले आहे.

महासमूहाचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे असून त्यात किमान ४३ मोठे समूह व गट आहेत. एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे २ × १०¹⁶ पट असून त्यातील बहुतांश कृष्णद्रव्य (→ कृष्णद्रव्य) मानले जाते. गाभ्यात एबल २६३१ हा प्रचंड वस्तुमानाचा समूह आहे. गाभा गुरुत्वाकर्षणाने बांधलेला असून विश्वाच्या प्रसरणापासून अलग होऊन आक्रसत असावा. बाहेरचा भाग मात्र तसा बद्ध नाही, म्हणून संपूर्ण महासमूह एकसंध वस्तू समजणे योग्य नव्हे.

येथून आज पोहोचणारा प्रकाश विश्व सुमारे १,००० कोटी वर्षांचे असताना निघाला. कृष्णऊर्जेचा (→ कृष्णऊर्जा) प्रभाव वाढण्याच्या त्या काळात एवढी रचना कशी आकारास आली, हा विश्वरचनेच्या प्रतिकृतींपुढील महत्त्वाचा प्रश्न आहे.