तिवराची क्षारसहिष्णुता

तिवर, शास्त्रीय नाव ॲव्हिसेनिया मरिना, हा भरतीच्या पाण्यात वाढणारा सदाहरित वृक्ष मुंबई उपनगरांच्या खाड्यांतील मुख्य कांदळवृक्ष आहे. पश्चिमेला अंधेरी-वर्सोव्यापासून मालाडची खाडी, बोरिवलीपलीकडची मनोरी-गोराईची खाडी आणि पूर्वेला घाटकोपर, विक्रोळी, कांजूरमार्ग, भांडुप करत मुलुंडपर्यंत गेलेला ठाणे खाडीचा काठ, या सगळ्या चिखलात त्याचेच राज्य आहे. कांदळ, चिपी, काजळा, मारांडी ही सोबतीची झाडे. पण ती तुलनेने थोडी. राज्य कांदळवृक्षाचा मान २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला मिळाला, उपनगरांचा किनारा मात्र तिवरच धरून आहे. मीठ, अवर्षण, प्राणवायूची टंचाई, विषारी धातू असे ताण वनस्पती कोणत्या जनुकांच्या बळावर सोसतात, हे शोधण्यासाठी भारतात ज्या मोजक्या वन्य झाडांचा रेणवीय पातळीवर कसून अभ्यास झाला, त्यांत तिवराचा क्रम वरचा लागतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. जमिनीची विद्युतवाहकता दर मीटरला ३ डेसिसीमेन्सच्या वर गेली की भाताचे उत्पादन घटू लागते. समुद्राच्या पाण्याची वाहकता ५० च्या आसपास असते. मिठाचा मार दुहेरी असतो. मुळांभोवती पाणी असूनही क्षार ते सहजी सोडत नाहीत, त्यामुळे झाड चिखलात उभे राहून तहानलेले राहते. याला शरीरक्रियात्मक अवर्षण म्हणतात. शिवाय आत शिरलेले सोडियम पेशीतील पोटॅशियमची जागा बळकावते आणि पोटॅशियमवर चालणारी विकरे निकामी करते. यांतला पहिला मार मुळात पाण्याच्या तुटवड्याचाच असल्यामुळे क्षार आणि दुष्काळ या दोन ताणांना तोंड देणारी पुष्कळशी जनुके समाईक असतात.

मुंबईत आणखी एक अडचण आहे. येथला खारेपणा स्थिर नाही. सांताक्रूझला वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या काळात दहिसर नदीच्या मुखाशी किंवा खाडीच्या वरच्या टोकाला पाणी गोडसर होते. एप्रिल-मे महिन्यांत भांगाच्या भरतीचे पाणी उंचावरच्या खाजणापर्यंत पोचतच नाही, ऊन चिखल सुकवते आणि त्यावर मिठाचा पापुद्रा धरतो. मुलुंड, भांडुप, कांजूरची मिठागरे याच उन्हावर आणि याच भरतीवर चालत आली. म्हणजे तिवराला नुसते मीठ सोसून भागत नाही. एकाच वर्षात ती सगळी यंत्रणा चढवावी लागते आणि उतरवावीही लागते. प्रयोगशाळेत रोपाला ठरावीक मात्रेचे मीठ देऊन काढलेले निष्कर्ष वाचताना हा फरक ध्यानात ठेवलेला बरा.

पहिला बंदोबस्त मुळाशी असतो. मुळांच्या आतल्या थरातील पेशींच्या भिंतींवर सुबेरिन या मेणासारख्या पदार्थाचे अस्तर असते आणि समुद्राच्या पाण्यातील ९० टक्क्यांहून अधिक मीठ तिथेच अडते. तरीही जे आत येते त्याच्यासाठी पेशींच्या पटलांवर प्रथिनांच्या झडपा असतात. त्यांतील सर्वांत परिचित साखळी एसओएस या नावाने ओळखली जाते. ती १९९० च्या दशकाच्या अखेरीस जियान-कांग झू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोहरीच्या कुळातील ॲरॅबिडॉप्सिस या छोट्या रोपात उलगडली. सोडियम वाढले की पेशीत कॅल्शियमची लाट उठते. ती एसओएस-३ हे प्रथिन ओळखते, एसओएस-२ ला जागे करते, आणि ते एसओएस-१ ही झडप उघडून सोडियम बाहेर लोटते. एनएचएक्स ही दुसरी झडप उरलेले सोडियम पेशीच्या मध्यावरील रिक्तिकेत कोंडते. एचकेटी गटातील प्रथिने वर चढणाऱ्या रसातून सोडियम मागे खेचून पानांपर्यंत जाऊ देत नाहीत.

ॲरॅबिडॉप्सिस हे मिठात तग धरणारे झाड नव्हेच. तरीही ही जनुके त्याच्यात सापडली, आणि भातात, गव्हातही आहेत. तिवराकडे इतरांकडे नसलेली एखादी जादूची जनुके आहेत, ही समजूत म्हणूनच टिकत नाही. बहुतेक फरक प्रमाणाचा आणि वेळेचा आहे: एखाद्या जनुकाच्या प्रती किती, ते कोणत्या पेशीत जागे होते, ताण आल्यावर किती लवकर होते आणि ताण सरल्यावर थांबते की नाही. ‘मिठाचे जनुक सापडले’ अशा मथळ्यांनी या विषयाचे बरेच नुकसान केले आहे.

मुळांनी अडवूनही आत आलेल्या मिठाचा तिवर पानांवाटे निचरा करतो. पानांवर सूक्ष्म क्षारग्रंथी असतात. त्यांतील पेशी ऊर्जा खर्चून सोडियम व क्लोराइड बाहेर टाकतात आणि ॲक्वापोरिन या जलमार्गी प्रथिनांच्या मदतीने त्यातले पाणी शक्य तितके वाचवतात. उन्हाळ्यात दुपारी वर्सोव्याच्या किंवा गोराईच्या खाजणात पान उलटून पाहिले तर मिठाचे कण नुसत्या डोळ्यांना दिसतात, जिभेला तर लगेच कळतात. मुळांतून आलेल्या मिठापैकी सुमारे ४० टक्के या वाटेने बाहेर पडते, असे तिवराचा जनुकसंच वाचणाऱ्या चमूने नोंदवले आहे. कांदळाला अशा ग्रंथी नाहीत. त्याची भिस्त मुळांवरच्या गाळणीवर आहे. एकाच चिखलातल्या शेजाऱ्यांनी वेगवेगळे मार्ग काढले आहेत.

रिक्तिकेत मीठ साठले की पेशीच्या उरलेल्या भागातले पाणी तिकडे ओढले जाऊ नये म्हणून तिथे निरुपद्रवी विद्राव्य पदार्थ भरावे लागतात. तिवरात हे काम मुख्यतः ग्लायसीन बिटेन करते. ते तयार करणाऱ्या बीएडीएच या विकराची दोन जनुके जपानी संशोधकांनी २००१ मध्ये तिवरातून वेगळी केली. भातातही या गटातील जनुके आहेत, पण भात बिटेन जवळपास साठवत नाही. यातला एक भाग मराठी स्वयंपाकघराच्या जवळचा आहे. बासमतीचा सुवास येतो तो बीएडीएच-२ हे जनुक निकामी झाल्यामुळे, असे २००५ मध्ये सिद्ध झाले. पुढे ऑस्ट्रेलियातील प्रयोगांत असे सुवासिक भात मिठाच्या पाण्यात धड दाणे भरू शकले नाहीत. सुवासाची किंमत काही अंशी क्षारसहिष्णुतेने मोजावी लागते, असा याचा अर्थ निघतो.

ताणाखाली प्रत्येक पेशीत ऑक्सिजनची विध्वंसक रूपे तयार होतात. त्यांना आवरणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज तिवरात भरपूर असते. ठाणे खाडीच्या काठावर कारखान्यांचे सांडपाणी व त्यातले धातू आहेत. धातूंना बांधून ठेवणाऱ्या मेटॅलोथायोनिन प्रथिनांची जनुके ॲव्हिसेनियाच्या जातींत अभ्यासली गेली आहेत. चिखलातल्या प्राणवायूच्या टंचाईवर उपाय म्हणजे चिखलातून वर डोकावणारी श्वसनमुळे.

या सगळ्यांवर नियंत्रण ठेवणारी जनुके वेगळी असतात. ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक, तसेच डीआरईबी व एमवायबी गटातील नियामक प्रथिने एकाच वेळी अनेक जनुके चालू-बंद करतात. संप्रेरकाचे हे काम खाडीपुरते नाही. बोरिवली ते मुलुंड पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात पावसानंतर सात-आठ महिने कोरडे जातात. तिथला साग पाने गाळून दुष्काळ टाळतो, आणि पर्णरंध्रे मिटण्याचा हुकूम तिथेही ॲबसिसिक आम्लच देते. सह्याद्रीच्या कातळांवर तर पूर्ण वाळून पावसाच्या सरीने पुन्हा हिरव्या होणाऱ्या वनस्पती आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने २०२४ मध्ये पश्चिम घाटातील अशा ६२ जातींची यादी मांडली. वाळलेल्या पेशीची मोडतोड होऊ न देणारी एलईए प्रथिने, ज्यांत डिहायड्रिन येतात, अशा वनस्पतींत आणि क्षार सोसणाऱ्या झाडांत दोन्हीकडे आढळतात.

महाराष्ट्रात या विषयाचा पाया रेणूंआधी शरीरक्रियेच्या अभ्यासाने घातला गेला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात जी. व्ही. जोशी, एल. जे. भोसले व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात कोकण किनाऱ्यावरील कांदळझाडांतील आयन-नियमनावर काम केले. समुद्रापासून शंभर किलोमीटर आत, घाटमाथ्यावर बसून खारफुटीचे शास्त्र उभे राहिले, हे विशेषच. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात धापा, म्हणजे सेसुव्हियम, या किनारी रांगत्या वनस्पतीच्या क्षारसहिष्णुतेचा अभ्यास झाला. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन रिसर्च फाउंडेशनमध्ये अजय परिडा यांच्या गटाने तिवराची जनुके इतर पिकांत घालून पाहिली. त्यांनी तिवराचे डिसम्युटेज जनुक पुसा बासमती-१ या भातात बसवल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एमवायबी गटातील एक नियामक जनुक तंबाखूत घातल्यावर तो मिठाला अधिक तोंड देऊ लागला. परिडा पुढे भुवनेश्वरच्या इन्स्टिट्यूट ऑफ लाइफ सायन्सेसचे संचालक झाले आणि तिथे, तमिळनाडूतील एसआरएम-डीबीटी केंद्राच्या साथीने, तिवराचा जवळजवळ संपूर्ण जनुकसंच २०२१ मध्ये वाचला गेला. त्यात ३१ गुणसूत्रे, सुमारे ४६ कोटी अक्षरे आणि ३१,४७७ प्रथिन-जनुके आहेत; पैकी ३,२४६ क्षाराला प्रतिसाद देणारी. शिवाय क्षारसहिष्णुतेसाठी प्रयोगांनी सिद्ध झालेल्या ६१४ जनुकांशी साधर्म्य असलेली जनुकेही त्यात सापडली. तीन हजारांवरचा हा आकडाच ‘एक जनुक, एक गुण’ या कल्पनेला उत्तर आहे. याच चमूच्या म्हणण्यानुसार तिवर समुद्राच्या ७५ टक्के खारट पाण्यात उत्तम वाढतो आणि अडीचपट खारट पाण्यातही जगतो. परिडा यांचे जुलै २०२२ मध्ये निधन झाले.

शेतकऱ्यांनी हा प्रश्न जनुकांचे नावही माहीत नसताना हाताळला होता. कोकणात खाडीकाठी बांध घालून खारबंदिस्ती करायची, पावसाने मीठ धुऊन निघाले की भात घ्यायचा, ही जुनी रीत. गोराई-मनोरीकडेही अशी भातशेती होती. या जमिनीत टिकणाऱ्या लाल दाण्याच्या राता भातांतून काळा राता १-२४ व भुरा राता ४-१० ही निवडलेली वाणे आली. पनवेलचे खारभूमी संशोधन केंद्र आज दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. पनवेल-१, २ व ३ ही वाणे तिथली. केरळच्या पोक्कळी भातातील ‘सॉल्टॉल’ हा पहिल्या गुणसूत्रावरचा पट्टा रेणवीय खुणांच्या मदतीने अनेक वाणांत आणला गेला आहे. गुणसूत्राच्या त्याच पट्ट्यात बंगालच्या नोना बोक्रा भातातून २००५ मध्ये एचकेटी गटातील एक जनुक ओळखले गेले. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने मे २०२५ मध्ये जाहीर केलेल्या पुसा डीएसटी राइस-१ मध्ये बाहेरचे जनुक घातलेले नाही. पर्णरंध्रे मिटू न देणारे डीएसटी हे स्वतःचेच जनुक त्यात निकामी केले आहे.

संगणकात जमा झालेला जनुकसंच एका झाडाचा असतो. खाडी-खाडीतले फरक जिवंत झाडांतच राहतात. मनोरीचे आणि मुलुंडचे तिवर वेगळ्या पाण्यात वाढतात, म्हणून दोन्हीकडचे राखणे आवश्यक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभर कांदळवने तोडण्यास मनाई केली आणि ठाणे खाडीला २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. तिवराचे जनुक घातलेल्या कोणत्याही भाताला भारतात व्यावसायिक लागवडीची परवानगी अद्याप मिळालेली नाही.